बाहेर गेलेल्यांची यादी

पंचक्रोशीत तिला सगळे वजनवाली म्हणत. नाव होतं तिला, पण ते तिच्या पगाराच्या कागदावर आणि तिच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर. बाकी पाच गावांत वजनवाली म्हटलं की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. गेली चार वर्षं या पाच गावांत जन्मलेलं एकही मूल तिच्या काट्यातून सुटलेलं नव्हतं. मूल जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत त्याचं वजन झालंच पाहिजे, हा मॅडमचा नियम होता. तिसरा दिवस उलटला की ते वजन अभ्यासाच्या दृष्टीने वाया गेलं.

मॅडम म्हणजे छत्रीवाल्या मॅडम. शहरातून आलेल्या, चष्मा लावणाऱ्या, उन्हात कायम काळी छत्री धरून चालणाऱ्या. पोटुशी बाई शेवटचे दोन महिने जड ओझी उचलायची थांबली तर बाळाचं वजन किती वाढतं, हे त्यांना शोधायचं होतं. आता हे शोधायला काय लागतं, कोणतीही म्हातारी सांगेल, असं वजनवालीला पहिल्या दिवशी वाटलं होतं. पण म्हाताऱ्या सांगतात एक आणि सुनांकडून करून घेतात दुसरंच, हे तिला महिन्याभरातच दिसलं. म्हणून वजनाबरोबर सासवांना समजावण्याचं कामही मॅडमनी तिच्याच गळ्यात घातलं. सासूला सासूच वठणीवर आणते, असा त्यांचा हिशोब होता.

तो खोटाही नव्हता. त्या सकाळीच ती वरच्या आळीत एका सासूसमोर बसली होती. सून दोन कळश्या घेऊन उतारावरून चढत होती, पोट पुढे, पाठ मागे.

"आमच्या वेळेला आम्ही शेतातून येऊन बाळंत झालो," सासू म्हणाली.

"झालात ना? मग किती जगली?"

सासूने चढणाऱ्या सुनेकडे पाहिलं. म्हणाली, "सहातली तीन."

"मग दुसरी कळशी तुम्ही आणा. हात आहेत ना धडधाकट?"

सासू फणकारली, पण उठली. वजनवालीने वहीत खूण केली. शेजारच्या अंगणातून कोणीतरी बाई हसून म्हणाली, "आणि तुमची सून कुठाय हो, वजनवाली? दिसत नाही बरेच दिवस."

"कामाला गेलीय," ती म्हणाली आणि वही पिशवीत घातली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ती बाई म्हणाली नाही. पण तिच्या हसण्यात ते सगळं होतं.

सून वीटभट्टीवर होती. विहिरीने यंदा तळ दाखवला, रान पांढरं पडलं, तसा मुलगा म्हणाला, आम्ही जोडीने भट्टीवर जातो. भट्टीवर एकट्याला काम देत नाहीत, नवरा-बायकोची जोडी लागते. वजनवाली म्हणाली, तिला ठेव इथे, तिला दिवस गेलेत. तेव्हा सून चुलीशी होती. मान वर न करता म्हणाली, "मी जाते." बस, दोनच शब्द. साडेतीन महिन्यांपूर्वीची गोष्ट.

त्या दोन शब्दांच्या मागे दोन वर्षांपूर्वीची एक दुपार होती.

सुनेचं पहिलं मूल थंडीत जन्मलं होतं. मुलगा. दोन किलोच्या आतला. वजनवालीनेच वजन केलं आणि काट्याचा आकडा दोनदा पाहिला, पण तोंडावर तिने काही दिसू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात एका बाळाचाही तिसराच दिवस होता. ती सकाळी निघाली. "गुंडाळून छातीशी धर त्याला, दुपारपर्यंत येते," असं सुनेला सांगून गेली. तिकडे त्या घरी काटा टांगायला लाकूड मिळेना, मग बाळाची आजी रुसली, मग परतीची गाडी चुकली. ती घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती आणि अंगणात शेजारणी गप्प उभ्या होत्या.

एवढ्यावर भागलं असतं तर सून कदाचित रडून मोकळी झाली असती. पण अभ्यासातलं मूल गेलं की पंधरा दिवसांच्या आत त्याच्या आईला एक्केचाळीस प्रश्न विचारायचे असतात. का गेलं, कसं गेलं, कधी दूध सोडलं, कधी अंग गार पडलं. मॅडम म्हणाल्या, दुसरी बाई पाठवते. वजनवाली म्हणाली, परकीने येऊन विचारण्यापेक्षा मी बरी. तिला खरंच तसं वाटलं होतं. घरातल्या घरात, हळू आवाजात, हात धरून विचारू. पण पेन्सिल हातात असली की दुसऱ्या हाताने कागद धरावा लागतो. सुनेने एक्केचाळीसच्या एक्केचाळीस प्रश्नांची उत्तरं दिली, डोळ्यांतून टिपूस न काढता. आणि त्या दिवसापासून तिने सासूला "आई" म्हणायचं सोडलं. दुसरं काही म्हणायलाही सुरुवात केली नाही. "जेवण झालंय." "पाणी तापलंय." हाक नाहीच. आपल्याच घरात आपल्याला कोणी हाक मारू नये, यासारखं दुसरं एकटेपण नाही. वजनवाली पाच गावांत हाकांना ओ देत फिरायची आणि घरी येऊन त्या एका हाकेसाठी कान टवकारून बसायची.

म्हणून या वेळी सुनेला पुन्हा दिवस गेले तेव्हा तिने फॉर्म काढलाच नाही. पेन्सिलही नाही. सून कपडे वाळत घालत होती, तेव्हा जवळ जाऊन, घरातली बाई विचारते तसं, नुसतं विचारलं, "कितवा गं?"

"पाचवा," सून म्हणाली.

तेवढ्यावर वजनवालीने बोटं मोजली. अजून साडेचार महिने. मुलाला बजावलं, शेवटचा महिना तरी तिला इकडे आण. मग तिने खोलीला स्वतः चुना दिला. खाट उन्हात टाकून ढेकूण मारले. जुनी मऊ कापडं धुऊन सात दुपटी शिवली, आठवं अर्धवट राहिलं होतं. रोज कामावरून आली की त्या खोलीच्या दारात उभी राहायची, आत जायची नाही. अजून महिना आहे, असं म्हणायची आणि चुलीकडे वळायची.

त्या दिवशी दुपारी मॅडमनी तिला कचेरीत बोलावलं. कचेरी म्हणजे धान्याच्या गोदामावरच्या दोन खोल्या, खाली पोत्यांचा वास आणि वर कागदांचा. मॅडम टेबलावर बाहेर गेलेल्यांची यादी घेऊन बसल्या होत्या. यंदा पाणी आटल्यामुळे यादी लांबली होती. एकोणीस बायका, कुणी भट्टीवर, कुणी खाणीवर, कुणी शहरात बांधकामावर. प्रत्येकीची तारीख जवळ आली की फोन करायचा, मूल कुठे झालं, कसं झालं, विचारायचं.

"अकरा नंबर," मॅडम म्हणाल्या. "ही तुमची सून."

"हो."

"हिच्यापुढे शेवटच्या पाळीची तारीख नाहीये. नुसतं लिहिलंय, पाचवा. कोणी विचारलं होतं?"

"मीच."

"काय विचारलंत?"

"कितवा म्हणून विचारलं."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे पाळीची तारीख नाही विचारली?"

वजनवाली उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच तिला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. हा प्रश्न तिने सहाशेच्या वर बायकांना विचारला होता. कितवा असं विचारायचंच नाही, हे तिने कामावर आलेल्या नव्या पोरींना शिकवलं होतं. कारण घरचा हिशोब वेगळा. घरी बायका पाळी चुकली तिथून महिने मोजतात, फॉर्म त्याच्या आधीच्या पाळीपासून मोजतो. घरचा पाचवा म्हणजे फॉर्मचा सहावा. शेंबडं पोर सांगेल इतकं सोपं. पण वजनवालीची सून ती, पहिल्या खेपेला फॉर्म भरलेली, फॉर्मसारखंच मोजणार, असं सासू धरून चालली होती. आणि सुनेने तर फॉर्म, त्याचा हिशोब, त्याची पेन्सिल, सगळं त्या एक्केचाळीस प्रश्नांबरोबर मनातून हद्दपार केलं होतं; तिचा पाचवा घरचाच होता.

दिव्याखाली अंधार असतो, पण स्वतः दिव्याने तो पाहावा अशी वेळ कोणावर येऊ नये.

"महिना नाही राहिला," ती म्हणाली. "आताच आहे. झालंही असेल."

तिने तिथूनच मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "सगळं ठीक आहे, आई." त्याचा आवाज लहानपणी दूध सांडून आल्यावर यायचा तसाच होता.

"खरं सांग."

"ठीक आहे म्हटलं ना," आणि फोन ठेवला.

मॅडम उठल्या, कोपऱ्यातला काटा उचलून तिच्यापुढे धरला. "घेऊन जा. निदान वजन तरी..."

"नको. राहू द्या तो इथेच."

मॅडमनी काटा खाली ठेवला. गाडीपर्यंत त्या तिच्याबरोबर चालत आल्या, छत्री तिच्या डोक्यावर धरून, स्वतः अर्ध्या उन्हात. गाडी लांबून दिसू लागली. मग त्या म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वीचा तो फॉर्म तुम्ही भरायला नको होता. मी थांबवायला हवं होतं. पण तुमच्यासारखा नीट फॉर्म कोणी भरत नाही, म्हणून मला ते सोयीचं पडलं."

वजनवालीला त्यांचा राग आला आणि कीवही आली. ती म्हणाली, "तुम्ही म्हटलं असतंत तरी मी ऐकलं नसतं." गाडी आली आणि ती चढली.

वाटेत घरी उतरून दुपटी पिशवीत भरून, मग दोन गाड्या बदलून, एका फाट्यावर रात्र काढून, दुसऱ्या दिवशी दुपारी ती भट्टीवर पोचली. लांबूनच धूर दिसला. मग कच्च्या विटांच्या रांगा, मैलभर सरळ, जशा कोणी वहीवर रेघा माराव्यात. मातीच्या खड्ड्यात माणसं गुडघ्याएवढ्या चिखलात पाय मारत होती. रांगांपासून भट्टीपर्यंत बायका डोक्यावर विटा घेऊन जात होत्या, एकीच्या मागे एक, मान ताठ. वजनवाली प्रत्येकीचं पोट बघत पुढे गेली. भरल्या पोटाची एकही दिसेना.

मग एका पाठीवर तिची नजर अडकली. डाव्या खांद्याला किंचित झुकती चाल. चाल सुनेची होती. पण ती वळली तेव्हा पोट सपाट दिसलं.

पोट नाही, मग मूल कुठाय? ती धावली. पन्नाशी उलटलेली बाई तुटक्या विटांवरून धावली, एक चप्पल मागे राहिली, तिचं तिला भान नव्हतं. सुनेने तिला पाहिलं. डोक्यावरच्या दहा विटा तिने एकेक करून खाली रचल्या, घाई न करता. आणि सासूचं तोंड उघडायच्या आत म्हणाली,

"आहे. आत आहे."

वजनवाली तिथेच विटांवर बसली. जीव भांड्यात पडणं काय असतं, ते तिला कळलं.

"कधी?"

"दहा दिवस झाले. मुलगी."

"आणि तू ओझी उचलतेस?"

सुनेने सासूच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "काटा आणलाय?"

"नाही."

"कागद?"

"नाही."

"मग कशाला आलात?"

चार वर्षांत वजनवालीला कोणत्या दारात काय बोलायचं, हे कधी शोधावं लागलं नव्हतं. "बघायला," ती म्हणाली, आणि ते तिलाच अगदी पाहुण्यासारखं वाटलं.

खोप म्हणजे नुसत्या रचलेल्या विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. सून पुढे झाली आणि दारातच उभी राहिली, अशी की आत नजर जाईल पण पाय जाणार नाही. आत छताच्या वाशाला झोळी बांधलेली होती. झोळीतून एक पाऊल बाहेर आलं होतं, दोन बोटांएवढं. वजनवालीने ते पाऊल पाहिलं. पाच गावांतल्या पोरांची पावलं तिने हातात घेऊन त्यांना शाई लावली होती, आणि तिच्या रक्ताचं हे पाऊल चार हातांवर होतं आणि तिला पुढे जायची सोय नव्हती. तिने दाराची वीट धरली आणि तशीच उभी राहिली.

संध्याकाळी मुलगा आला. तिने त्याला खोपीमागे नेलं.

"तुला कळवता आलं नाही?"

"तिने शपथ घातली. म्हणाली, त्या काटा घेऊन येतील."

"आणि तू गप्प बसलास?"

"मी कुणाकुणाचं ऐकू, आई?" त्याच्या हातांना मातीच्या भेगा पडल्या होत्या. "सहा दिवस एकट्याने ओढलं. सातव्या दिवशी मुकादम म्हणाला, जोडी नसेल तर खोप रिकामी कर, बाहेर दुसऱ्या जोड्या उभ्याच आहेत. ही स्वतःच उठली. मी काय करणार होतो?"

वजनवालीने थोडा विचार केला. खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "उद्यापासून तुझी जोडी मी," ती म्हणाली.

सकाळी मुकादमाने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "म्हातारे, करतेस काय गावाकडे?"

"बाळं उचलते."

"इथे विटा उचलायच्या आहेत. बाळं नव्हेत."

"बाळं वळवळतात. विटा गप्प बसतात. मला विटाच सोप्या."

आसपासच्या बायका हसल्या आणि मुकादमालाही हसावं लागलं. तिला चुंबळ मिळाली आणि रांगेत जागा मिळाली.

पहिल्या दिवशी तिला सहा विटा पेलल्या. बाकीच्या बायका दहा-बारा नेत होत्या. मान लाकडासारखी झाली. भट्टीजवळची जमीन चपलेतूनही भाजत होती. दुपारी तिचा पाय घसरला आणि सहाच्या सहा विटा फुटल्या. मुकादमाने सगळ्यांदेखत तिला ते तुकडे गोळा करायला लावले, खड्ड्यात नेऊन पुन्हा चिखल करायला लावले. जिच्या एका शब्दावर सासवा कळश्या उचलायच्या, ती गुडघ्याएवढ्या चिखलात उभी राहून स्वतः फोडलेल्या विटा तुडवत होती. सून खोपीच्या दारातून बघत होती. वजनवालीने तिकडे पाहायचं टाळलं.

रात्री ती खोपीबाहेर पथारी टाकून पडायची. आत जायला कोणी नको म्हटलं नव्हतं. या म्हणूनही म्हटलं नव्हतं. विटांच्या फटीतून बाळाचं रडणं यायचं, ती उठून बसायची, मग चुळबुळ, मग दूध ओढल्याचा आवाज, मग ती पुन्हा आडवी व्हायची. सात दुपटी तिने पहिल्याच दिवशी सुनेच्या हातात दिली होती. सुनेने ती घेतली होती आणि झोळीत अंथरली होती. तिला तेवढ्यावर धीर धरावा लागत होता.

तिसऱ्या दिवशी विटा वाहता वाहता तिच्या लक्षात एक गोष्ट आली. सून झोपत नव्हती. सकाळी बघावं तर जागी, दुपारी बघावं तर जागी. आता तिला ओझी नव्हती, बाळ पोटभर पिऊन दोन-दोन तास झोपत होतं, आणि ही झोळीशेजारी बसून होती. थोड्या थोड्या वेळाने बोट पुढे करायची, बाळाच्या नाकाखाली धरायची, श्वास लागला की बोट मागे घ्यायची. डोळे लाल, गाल आत गेलेले. बाळ झोपलं की आईनेही झोपावं, हे वाक्य वजनवालीने हजार वेळा बोललेलं. आता ते तिच्या जिभेवर येऊन थांबलं. ते गिळायला तिला विटांपेक्षा जास्त जड गेलं.

त्याच दुपारी मॅडमचा फोन आला. वरच्या आळीतली ती सून बाळंत झाली होती, दुसरा दिवस संपत होता, आणि दुसऱ्या गावात आणखी एक. नव्या पोरी आजारी पडल्या होत्या.

"उद्यापर्यंत येता येईल का?"

"नाही."

"मग वजन कोण करणार?"

"तुम्ही करा, मॅडम."

मॅडम चाचरत म्हणाल्या, "काटा टांगायचा कुठे असतो?"

"वर बघा, बाई. घराला छत असतं, छताला लाकूड असतं. नसलं तर बाळाच्या काकाला म्हणावं, दोन्ही हातांनी धरून उभा राहा. आणि आधी आजीला विचारा, पोरगं कुणासारखं आहे. माझ्यासारखं म्हणाली की ती काहीही करू देते."

तिने फोन बंद केला आणि वळली, तर सून मागे पाण्याची कळशी घेऊन उभी होती. सगळं ऐकलेलं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"जाणार नाही तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही."

सून कळशी घेऊन आत गेली.

पाचव्या दिवशी दुपारी विश्रांतीची घंटा झाली. माणसं जिथे सावली मिळेल तिथे आडवी झाली. वजनवाली खोपीच्या भिंतीला टेकून बसली होती, आतून आवाज आला. हाक नव्हतीच. नुसतं, "आत या. तिथे ऊन आहे."

ती वाकून आत गेली आणि दारापाशीच बसली. झोळी संथ होती. सून गुडघ्यांभोवती हात बांधून बसली होती. दोघी झोळीकडे बघत होत्या, एकमेकींकडे नाही.

"सतरावा प्रश्न आठवतो तुम्हाला?" सून म्हणाली.

वजनवालीला सगळे एक्केचाळीस पाठ होते. "आठवतो."

"बाळ शेवटचं हललं तेव्हा आई काय करत होती."

"हो."

"मी म्हटलं, झोपले होते. तुम्ही ते लिहून घेतलंत." सुनेचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मान खाली घालून लिहिलंत. झोपली होती. कागदावर अजून असेल ते. मी झोपले आणि तो गेला, असं लिहिलेलं कुठेतरी कपाटात आहे. मला डोळा लागला की तो कागद दिसतो."

वजनवालीला रडू फुटलं. ती कोणाच्या घरी कधी रडली नव्हती, कामात ते बसत नव्हतं. आता तिने पदर वगैरे काही लावला नाही, तशीच रडत बोलली.

"अगं, दोन रात्री तू जागी होतीस. बाळंतीण माणूस, झोप लागणारच होती. तू झोपावंस म्हणून तर कोणीतरी जागं राहायचं असतं. ते कोणीतरी मी होते, आणि मी तिथे नव्हते. मी दुसऱ्याच्या पोराचा आकडा लिहायला गेले होते. पण सासू कुठे होती, असा प्रश्नच नाही गं त्या कागदात. एक्केचाळीसात एकही नाही. असता तर मला माझंच उत्तर लिहावं लागलं असतं. म्हणून तुझं लिहिलं आणि घडी घातली."

सून ऐकत होती. तिने काही माफ केलं असं दिसलं नाही. डोळे पुसले नाहीत, सासूच्या गळ्यात पडली नाही. बाहेर कोणीतरी खोकलं. बाळाने झोपेतच तोंड हलवलं, आणि सुनेचं बोट सवयीने पुढे गेलं, नाकाखाली थांबलं, मागे आलं. मग तिने झोळीतून बाळाला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं.

वजनवालीचे हात विटांच्या मातीने लाल होते. ते पुसायलाही तिला वेळ मिळाला नाही. मांडीवर ते ऊबदार, ओलसर गाठोडं आलं.

"मी जरा पडते," सून म्हणाली. "उठू नका."

"नाही उठत."

"काही झालं तरी."

"नाही उठत गं."

सून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दोनदा मान वळवून तिने मागे पाहिलं. तिसऱ्यांदा मान वळली नाही. थोड्याच वेळात तिचा श्वास जड झाला, तोंड उघडं पडलं, हात सैल होऊन जमिनीवर घसरला. चौदा-पंधरा दिवस साठलेली झोप एकदम अंगावर आल्यावर माणूस जसं झोपतं, तशी ती झोपली.

वजनवाली बसली होती. एक पाय मुडपलेला होता, तो बधिर झाला, मग त्याला मुंग्या आल्या, मग त्या मुंग्याही थांबल्या. माशी आली की ती फुंकर मारायची, हात हलवत नव्हती. बाळाची छाती वर व्हायची, खाली यायची. ती मोजत नव्हती. बघत होती फक्त.

घंटा झाली. बाहेर विटांचा खडखडाट सुरू झाला, मुकादम कोणावर तरी ओरडला. पावलं जवळ आली आणि मुलगा दारात वाकला.

"आई, चल. रांग लागली. मुकादम आपलीच जोडी विचारतोय."

तिने मान हलवली.

"अगं, खोप खाली करायला लावेल तो!"

"लावू दे," ती इतक्या हळू म्हणाली की त्याला ऐकायला आत वाकावं लागलं. "मला उठू नका सांगून झोपलीय ती."

मुलाने बायकोकडे पाहिलं, उघड्या तोंडाने, हात टाकून झोपलेली. मग आईच्या मांडीकडे पाहिलं. तो उंबऱ्यापाशी उकिडवा बसला, पाठ त्यांच्याकडे आणि तोंड बाहेर करून, म्हणजे मुकादम आलाच तर आधी त्याच्याशी गाठ पडावी.